देवनागरी मजकुरात शब्द झटपट शोधणं : असेंब्ली आणि व्हेक्टर इन्स्ट्रक्शन, पहिल्यापासून

समजा तुमच्याकडे कोकणातल्या गावांविषयीचा दोनशे-तीनशे एमबी मराठी मजकूर आहे. जुन्या स्मरणिका, ग्रामपंचायतींची इतिवृत्तं, वर्तमानपत्रांची कात्रणं, कोणी कोणी टंकून ठेवलेली. त्यात ‘देवगड’ कुठे कुठे आलं आहे ते हवं आहे, आणि हा शोध दिवसभरात हजारो वेळा वेगवेगळ्या शब्दांसाठी चालणार आहे. रत्नागिरीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना असेंब्लीचा पहिला खरा धडा म्हणून मी हेच काम देतो. ते पुरेसं लहान आहे, त्यात प्रोसेसरच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचा, म्हणजे एका फटक्यात अनेक बाइटांवर काम करणाऱ्या आज्ञांचा, सगळा गाभा येतो, आणि मराठी माणसाला त्यात स्वतः विचार करावा लागतो.

या विषयावरचं बहुतेक लिखाण रोमन मजकूर समोर ठेवून केलेलं असतं. ‘शब्दाचा पहिला बाइट शोधा, सापडला की पुढचं तपासा’ हा त्यातला नेहमीचा सल्ला. मराठी मजकुरावर तो जसाच्या तसा लावला तर सगळी मेहनत पाण्यात जाते. का, ते चौथ्या पायरीत येईल. सी भाषा थोडीफार येते आणि रजिस्टर म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढं मी धरून चाललो आहे.

पायरी १ : जुळवाजुळव

लिनक्स हवं. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालेल. असेंबलर म्हणून नॅसम घ्या. त्याची लिहायची पद्धत इंटेलची आहे, म्हणजे आधी उत्तर जिथे ठेवायचं ती जागा आणि मग स्वल्पविरामानंतर ते जिथून घ्यायचं ती जागा. इन्स्ट्रक्शन आणि रजिस्टरांची नावं मी इथे देवनागरीत देतो, टंकताना ती रोमनमध्येच लिहायची. मुख्य प्रोग्रॅम सीमध्येच ठेवा आणि फक्त शोधायचं फंक्शन असेंब्लीत लिहा. सगळाच प्रोग्रॅम असेंब्लीत लिहायचा हट्ट नवखे धरतात आणि फाइल उघडण्यातच आठवडा घालवतात.

टर्मिनलवर एलएससीपीयू चालवून फ्लॅगच्या ओळीत एसएसई२ आणि एव्हीएक्स२ हे व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचे दोन संच आहेत का ते पाहा. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर एसएसई२ असतंच, कारण ते त्या रचनेचाच भाग आहे. त्यात १२८ बिटांची, म्हणजे १६ बाइटांची, सोळा रजिस्टरं मिळतात: एक्सएमएम० ते एक्सएमएम१५. एव्हीएक्स२ इंटेलने २०१३ साली हॅसवेल पिढीत आणलं आणि रुंदी ३२ बाइट केली. मात्र त्यानंतरही विकल्या गेलेल्या बऱ्याच सेलेरॉन आणि पेंटियम प्रोसेसरमध्ये ते नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी आलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये नेमके हेच असतात. म्हणून सुरुवात एसएसई२ पासून करायची. ते कुठेही चालतं.

लिनक्सवर फंक्शनची पहिली चार आर्ग्युमेंटं आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स या क्रमाने येतात आणि उत्तर आरएएक्समध्ये द्यायचं असतं. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ वापरले तर परत जाताना होते तसे ठेवावे लागतात. एक्सएमएम रजिस्टरं सगळी मोकळी आहेत. विंडोजचा करार वेगळा आहे. तिथे एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ जपावे लागतात, त्यामुळे तिकडचा कोड इकडे उचलताना हे आधी पाहा.

पायरी २ : साधं रुटीन आधी, आणि ते कायम ठेवा

सीमध्ये दोन लूपचं भाबडं रुटीन लिहा: मजकुरातल्या प्रत्येक जागेपासून शब्दाचे बाइट एकेक करून ताडायचे. दहा ओळींत होतं. ते वेगासाठी नाही, खरं उत्तर काय हे ठरवण्यासाठी आहे. पुढे लिहिलेलं प्रत्येक वेगवान रुटीन याच्याशी जुळलं पाहिजे. हे पुसून टाकू नका.

पायरी ३ : सोळा बाइट एका दमात

आता फक्त एक बाइट शोधायचा आहे असं धरा. तो १६६ आहे; हा आकडा कुठून आला ते पुढच्या पायरीत कळेल. आधी या बाइटच्या सोळा प्रती एका रजिस्टरात भरायच्या:

मूव्ह ईएएक्स, १६६
आयमूल ईएएक्स, ईएएक्स, १६८४३००९
मूव्हडी एक्सएमएम०, ईएएक्स
पीशफडी एक्सएमएम०, एक्सएमएम०, ०

१६८४३००९ हा आकडा सोळाच्या पायात लिहिला तर ०१ ०१ ०१ ०१ असा दिसतो. त्याने गुणलं की एका बाइटच्या चार प्रती होतात, आणि पीशफडी त्या चारांच्या सोळा करतं. हे काम लूपच्या बाहेर एकदाच होतं, म्हणून इथे एक-दोन सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, वाचवायच्या मागे लागू नका.

लूपच्या आत तीन इन्स्ट्रक्शन महत्त्वाच्या:

मूव्हडीक्यूयू एक्सएमएम२, [आरडीआय]
पीसीएमपीईक्यूबी एक्सएमएम२, एक्सएमएम०
पीमूव्हएमएसकेबी ईएएक्स, एक्सएमएम२

पहिली मेमरीतून सोळा बाइट उचलते, पत्ता कसाही असो. दुसरी ते सोळा बाइट एक्सएमएम० मधल्या सोळा बाइटांशी जोडीजोडीने ताडते. जिथे जुळलं तिथे २५५, नाही तिथे शून्य. तिसरी प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट गोळा करून ईएएक्समध्ये सोळा बिटांचा मास्क बनवते. शून्य क्रमांकाचा बिट म्हणजे शून्य क्रमांकाचा बाइट, पाचवा बिट म्हणजे पाचवा बाइट. मास्क शून्य असेल तर या सोळांत काहीच नाही, पुढे चला. शून्य नसेल तर बीएसएफ सर्वांत खालच्या लागलेल्या बिटाचा क्रमांक देते, आणि तीच पहिली जुळणी.

बीएसएफला शून्य दिलं तर उत्तराच्या रजिस्टरात काय येईल याचा भरवसा नाही. म्हणून आधी टेस्ट ईएएक्स, ईएएक्स करून शून्य वगळायचं आणि मगच बीएसएफ. नव्या प्रोसेसरवर टीझेडसीएनटी आहे, ती शून्यालाही ठरलेलं उत्तर देते. पण जुन्या प्रोसेसरवर तेच बाइट बीएसएफ म्हणून चालतात, म्हणजे प्रोग्रॅम कोसळत नाही, नुसतं उत्तर चुकतं. आधी टेस्ट करायची सवय लावली की हा प्रश्नच उरत नाही.

इथे एक मोह होतो. २००८ च्या नेहालेमपासून इंटेलने एसएसई४.२ मध्ये खास स्ट्रिंगसाठी पीसीएमपीआयएसटीआरआय नावाची इन्स्ट्रक्शन दिली आहे. वर्णन वाचून वाटतं की हेच तर आपलं काम. पण तिचं उत्तर यायला इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरवर दहाएक सायकल लागतात, तर पीसीएमपीईक्यूबीला एक. साध्या, रुंद आणि स्वस्त इन्स्ट्रक्शन जोडून केलेलं काम तिच्यापेक्षा वेगात होतं. मी तिच्यापासून नवख्यांना दूरच ठेवतो.

पायरी ४ : मराठी अक्षर मेमरीत कसं बसतं

आता लेखाच्या खऱ्या विषयाकडे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५, तिसरं काही नाही. चिन्हाची खरी ओळख तिसऱ्या बाइटमध्ये असते. ‘देवगड’ असा दिसतो:

द : २२४ १६४ १६६
े : २२४ १६५ १३५
व : २२४ १६४ १८१
ग : २२४ १६४ १५१
ड : २२४ १६४ १६१

एकूण १५ बाइट. आता ‘पहिला बाइट शोधा’ हा सल्ला लावून बघा. पहिला बाइट २२४. सोळा बाइटांच्या सलग देवनागरी तुकड्यात २२४ पाच किंवा सहा वेळा येणारच. म्हणजे प्रत्येक तुकड्यात मास्क लागलेला, प्रत्येक वेळी आतल्या तपासणीत शिरायचं, आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं. व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचा फायदा तेव्हाच, जेव्हा बहुसंख्य तुकडे ‘इथे काही नाही’ म्हणून एका फटक्यात वगळता येतात. इथे एकही तुकडा वगळला जात नाही.

पहिला आणि शेवटचा असे दोन बाइट मिळून तपासायची पद्धतही बरीच प्रसिद्ध आहे, आणि रोमन मजकुरावर ती उत्तम चालते. मराठीत तिचा पहिला बाइट काहीच काम करत नाही, सगळा भार शेवटच्यावर पडतो. शेवटी काना किंवा दुसरी वेलांटी असेल, म्हणजे ‘वेंगुर्ला’ किंवा ‘दापोली’ शोधत असाल, तर तोही भार पेलत नाही. काना आणि वेलांटी आपल्या भाषेत पदोपदी आहेत.

उपाय सोपा आहे: २२४, १६४, १६५ हे बाइट खूण म्हणून कधीच निवडायचे नाहीत. खुणा तिसऱ्या बाइटांतून घ्यायच्या. यातही एक खाच आहे. ‘त’ चा तिसरा बाइट १६४ आणि ‘थ’ चा १६५ आहे. म्हणजे ‘त’ ला खूण केलं तर तो जवळपास प्रत्येक अक्षराच्या दुसऱ्या बाइटशी जुळेल. तळेरे, थिबा, तिलारी शोधताना खूण दुसऱ्या अक्षरावर टाका.

पायरी ५ : दोन खुणा निवडणं

एक खूण पुरत नाही, तीन लागत नाहीत. दोन निवडा, आणि निवडताना दोन गोष्टी पाहा. दोन्ही अक्षरं मजकुरात विरळ असावीत, आणि ती एकमेकांच्या सोबतीने फिरणारी नसावीत.

विरळ कोणतं हे अंदाजाने ठरवू नका. ‘ण’ कमी येत असेल असं वाटतं, पण प्रत्येक वाक्यातल्या ‘आणि’मध्ये तो बसलेला आहे. ‘ह’ चं तसंच, ‘आहे’ मुळे. सीमध्ये २५६ खणांचा एक ॲरे घ्या आणि तुमच्याच मजकुरातला प्रत्येक बाइट किती वेळा येतो ते एकदा मोजून ठेवा. मग शब्दाच्या तिसऱ्या बाइटांपैकी सर्वांत कमी येणारे निवडायचं काम प्रोग्रॅमच करेल. रिपग्रेपसारखी मजकूर शोधायची वेगवान साधनंही विरळ बाइट हेरूनच शोधतात, पण आपला तक्ता आपल्या मजकुरावर बेतलेला असला की निवड अधिक नेमकी होते.

दुसरी अट तक्त्यात दिसत नाही. ‘देवगड’साठी ‘ग’ आणि ‘ड’ दोन्ही काना-वेलांटीपेक्षा विरळ, म्हणून त्या खुणा घेतल्या, तर रोमन उदाहरणांवर वाढलेल्या माणसाला त्यात काही चुकीचं दिसणार नाही. कोकणातल्या माणसाला लगेच दिसेल: रायगड, मंडणगड, सगळे गड त्याच जाळ्यात येणार. आपल्या मजकुरात ‘गड’ ही जोडगोळी एकत्रच फिरते. त्यापेक्षा ‘द’ आणि ‘ड’ घ्या. ‘द’ चा तिसरा बाइट शब्दाच्या सुरुवातीपासून २ अंतरावर, ‘ड’ चा १४ वर. ‘ड’ च्या मागे नेमक्या बारा बाइटांवर ‘द’ असेल असा दुसरा शब्द क्वचितच भेटतो. रायगडात त्या जागी ‘र’ आहे, मंडणगडात अनुस्वार. अशी निवड प्रोग्रॅमकडून करून घ्यायची असेल तर सोपा नियम ठेवा: सर्वांत विरळ बाइट पहिली खूण, आणि तिच्यापासून किमान दोन अक्षरं दूर असलेल्यांतला सर्वांत विरळ बाइट दुसरी.

पायरी ६ : मुख्य लूप

एक्सएमएम० मध्ये १६६ च्या सोळा प्रती आहेत, एक्सएमएम१ मध्ये १६१ च्या. आरडीआयमध्ये मजकुरातली सध्याची जागा, आर८ मध्ये हद्द. ती किती, ते पुढे सांगतो.

लूप:
मूव्हडीक्यूयू एक्सएमएम२, [आरडीआय + २]
मूव्हडीक्यूयू एक्सएमएम३, [आरडीआय + १४]
पीसीएमपीईक्यूबी एक्सएमएम२, एक्सएमएम०
पीसीएमपीईक्यूबी एक्सएमएम३, एक्सएमएम१
पीअँड एक्सएमएम२, एक्सएमएम३
पीमूव्हएमएसकेबी ईएएक्स, एक्सएमएम२
टेस्ट ईएएक्स, ईएएक्स
जेएनझेड तपास
पुढचा:
ॲड आरडीआय, १६
सीएमपी आरडीआय, आर८
जेबीई लूप

दोन्ही लोड एकाच सुरुवातीपासून वेगवेगळ्या अंतरांवर केले आहेत. त्यामुळे मास्कचा पाचवा बिट लागला याचा अर्थ: आरडीआय + ५ पासून शब्द सुरू होत असेल तर ‘द’ आणि ‘ड’ दोन्ही जागच्या जागी आहेत. सोळा संभाव्य सुरुवाती एका फेरीत निकालात निघतात. कागदावर हे एकदा चौकटी आखून करून बघा, नुसतं वाचून हाती लागत नाही.

मास्क लागला की तपास:

तपास:
बीएसएफ आर९डी, ईएएक्स
एलईए आर१०, [आरडीआय + आर९]
मूव्हडीक्यूयू एक्सएमएम४, [आर१०]
पीसीएमपीईक्यूबी एक्सएमएम४, एक्सएमएम५
पीमूव्हएमएसकेबी आर११डी, एक्सएमएम४
अँड आर११डी, ३२७६७
सीएमपी आर११डी, ३२७६७
जेई सापडला
एलईए आर११डी, [आरएएक्स - १]
अँड ईएएक्स, आर११डी
जेएनझेड तपास
जेएमपी पुढचा

‘सापडला’पाशी आर१० मधला पत्ता आरएएक्समध्ये घालून परत जायचं. एक्सएमएम५ मध्ये आख्खा शब्द आहे. शब्द १५ बाइटांचा आणि रजिस्टर १६ चं, म्हणून ३२७६७ ने, म्हणजे खालच्या पंधरा बिटांनी, शेवटचा बिट झाकला. शब्द एक्सएमएम५ मध्ये भरण्याआधी सोळा बाइटांच्या स्वतःच्या बफरमध्ये उतरवून घ्या. आलेल्या पत्त्यावरून थेट सोळा बाइट वाचले तर एक बाइट शब्दाच्या पलीकडचा वाचला जातो. शेवटच्या ओळींतली ‘एक वजा करून अँड’ ही युक्ती सर्वांत खालचा लागलेला बिट विझवते, की पुढचा उमेदवार वर येतो. सोळापेक्षा लांब शब्द असेल तर इथे सोळा-सोळाचे तुकडे ताडणारा लहान लूप लावा. इथवर क्वचितच यायचं असल्याने त्याचा फारसा भार पडत नाही.

चुकीच्या जागी अर्ध्या अक्षरावर जुळणी होईल ही भीती नको. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की पूर्ण अक्षरांचा शब्द दुसऱ्या अक्षराच्या मधूनच सुरू झालेला सापडू शकत नाही.

पायरी ७ : हद्द, आणि पानाची कड

नवख्यांचे प्रोग्रॅम सर्वांत जास्त इथे फुटतात, म्हणून हळू वाचा.

एका फेरीतला सर्वांत उजवा उमेदवार आरडीआय + १५ वर सुरू होतो. तपासात तिथून सोळा बाइट वाचले जातात. म्हणजे एका फेरीला आरडीआयपासून ३१ बाइट लागतात, आणि आर८ मध्ये ‘मजकुराचा शेवट वजा ३१’ हवं. खुणांच्या अंतरावरून हिशेब केला, १४ अधिक १६ म्हणून ३० धरले, तर मजकुराच्या अगदी टोकाला तपासाचा लोड एक बाइट बाहेर जातो. हद्द नेहमी सर्वांत लांब वाचणाऱ्या लोडवरून काढायची.

मजकूर ३१ बाइटांहून लहान असेल तर सरळ साध्या रुटीनकडे पाठवा. मोठा असेल तर लूप संपल्यावर टोकाला काही बाइट उरतात. त्यांच्यासाठी आरडीआयमध्ये आर८ ची किंमत टाकून आणखी एक शेवटची फेरी करा. काही सुरुवाती दोनदा तपासल्या जातील, पण आधी तिथे काही सापडलं नव्हतं, म्हणून नुकसान नाही. या फेरीनंतरही शब्दाच्या लांबीएवढ्या टोकात एखादी सुरुवात उरते का, याचा हिशेब करा: शेवटची फेरी शेवटापासून १६ बाइट आधीच्या सुरुवातीपर्यंत पोहोचते, आणि १५ बाइटांचा शब्द शेवटापासून १५ वरही सुरू होऊ शकतो. ती एक जागा साध्या रुटीनने पाहा.

एक बाइट बाहेर वाचला तर काय बिघडतं? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि तोच धोका आहे. मेमरी ४०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते. फाइल एममॅपने, म्हणजे थेट मेमरीत मांडून, उघडली आणि तिची लांबी पानाच्या मध्येच संपली, तर उरलेलं पान शून्यांनी भरलेलं असतं आणि बाहेरचं वाचन खपून जातं. लांबी नेमकी ४०९६ च्या पटीत आली की पुढचं पान आपलं असेलच असं नाही, आणि नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो. शंभर फाइलींवर चालतो, एकशेएकाव्यावर मरतो.

म्हणून चाचणी अशी करा: एममॅपने दोन पानं मागा, एमप्रोटेक्टने दुसऱ्या पानाचे सगळे हक्क काढून घ्या, आणि मजकूर असा ठेवा की त्याचा शेवटचा बाइट पहिल्या पानाचा शेवटचा बाइट असेल. आता एक बाइट जरी बाहेर वाचला तरी तिथल्या तिथे कळतं. मजकुराची लांबी ० पासून २०० पर्यंत एकेक वाढवत, प्रत्येक लांबीत ‘देवगड’ प्रत्येक शक्य जागी ठेवून, दर वेळी साध्या रुटीनशी उत्तर ताडा. शब्द नसलेला मजकूरही द्या, आणि ‘देवगदेवगड’ सारखे अर्धवट फसवे तुकडेही. हे सगळं क्षणात होतं, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर चालवायला हरकत नाही.

लांबी माहीत नसलेल्या, शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगसाठी वेगळी वाट आहे. सोळाने भाग जाणाऱ्या पत्त्यावरून केलेला सोळा बाइटांचा लोड पानाची कड कधीच ओलांडत नाही, कारण ४०९६ ला सोळाने भाग जातो. म्हणून पत्ता खाली, सोळाच्या पटीवर आणायचा, आणि पहिल्या मास्कमधले सुरुवातीआधीचे बिट शिफ्टने काढून टाकायचे.

पायरी ८ : मोजणी

पर्फ स्टॅट हे लिनक्सवरचं मोजणीचं साधन वापरा. सायकल, इन्स्ट्रक्शन आणि चुकलेल्या ब्रँच (उडी मारायची की नाही याचा प्रोसेसरचा चुकलेला अंदाज) हे तीन आकडे पुरेसे आहेत. खुणा चुकीच्या निवडल्या की चुकलेल्या ब्रँचचा आकडा लगेच चढतो. एकदा मुद्दाम २२४ आणि १६४ या खुणा घालून चालवा, मग १६६ आणि १६१. चौथ्या पायरीतलं सगळं तुमच्या स्वतःच्या मशीनवर आकड्यांत दिसेल.

फाइल पहिल्यांदा डिस्कवरून येते, तेव्हा तुम्ही डिस्क मोजत असता. पहिली फेरी सोडून द्या, पुढच्या अनेक फेऱ्यांतली सर्वांत कमी वेळ घेतलेली धरा. आणि आपल्याकडची खास गोष्ट: पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग लगेच उतरवतात. सकाळी चार्जरवर मोजलेला आकडा आणि संध्याकाळी बॅटरीवर मोजलेला आकडा यांची तुलना करून ‘माझा बदल वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. मे महिन्यात दमट उकाड्यात तापलेलं मशीनही वेग उतरवतं. जुनं आणि नवं रुटीन आलटून पालटून, एकाच बैठकीत मोजा. वेळेऐवजी सायकल पाहिल्या तर या चढउताराचा त्रास बराच कमी होतो.

पायरी ९ : बत्तीस बाइट

एव्हीएक्स२ वर नेणं आता सोपं आहे. एक्सएमएमच्या जागी वायएमएम, इन्स्ट्रक्शनच्या नावाआधी ‘व्ही’, आणि तीन ऑपरंड. प्रती भरायला व्हीपीब्रॉडकास्टबी आहे, गुणाकाराची गरज नाही. मास्क ३२ बिटांचा, उडी ३२ ची, आणि तपासातला लोड १६ चाच ठेवला तर हद्द ३१ अधिक १६ म्हणजे ४७. परत जाण्यापूर्वी व्हीझीरोअपर लिहायला विसरू नका. तो नसेल तर पुढे चालणारा जुना एसएसई कोड काही प्रोसेसरवर चांगलाच मंदावतो.

वेग दुप्पट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. मजकूर कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लहान वेगवान मेमरीत, मावणारा असेल तर बरीच वाढ दिसते. शेकडो एमबी असेल तर मेमरीच पुरवठा करू शकत नाही आणि प्रोसेसर वाट पाहत बसतो.

दोन्ही रुटीनं ठेवा आणि कोणतं चालवायचं ते सुरुवातीला एकदाच ठरवा. प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणाऱ्या सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनच्या ७ क्रमांकाच्या तक्त्यात ईबीएक्सचा पाचवा बिट एव्हीएक्स२ सांगतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम ती रुंद रजिस्टरं जपते का, हेही एक्सजीईटीबीव्ही या दुसऱ्या इन्स्ट्रक्शनने पाहावं लागतं. नवख्यांनी जीसीसी या सी कंपायलरची तयार तपासणी वापरावी, ती दोन्ही पाहते.

पायरी १० : शोधण्याआधी मजकूर एकसारखा करणं

हे असेंब्लीचं काम नाही, पण हे केलं नाही तर वेगवान रुटीन वेगाने ‘नाही’ सांगेल. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कोणी ‘ऱ’ आणि हलन्त असा टंकतो, सहा बाइट. कोणी ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टंकतो, नऊ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मेमरीत ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत, ती बदलाबदली स्वतः करावी लागते. योगायोग असा की हलन्ताचा तिसरा बाइट १४१ आहे आणि त्या अदृश्य जोडचिन्हाचाही १४१. त्यामुळे हलन्त खूण म्हणून दुहेरी वाईट: तो खूप येतो आणि त्याचा बाइट दुसऱ्यालाही लागतो.

शब्द कसा कापून द्यायचा यातही विचार लागतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, म्हणून ‘देवगड’ शोधलं की देवगडला, देवगडचा, देवगडात सगळे मिळतात. पण ‘चिपळूण’ शोधलं तर ‘चिपळुणात’ निसटतं, कारण तिथे दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व होतो. ‘चिपळ’ एवढंच दिलं तर दोन्ही मिळतात, सोबत भजनातल्या चिपळ्याही येतात. त्या नंतर गाळा. खुणांसाठी मात्र ‘चिपळ’ उत्तम आहे: ‘ळ’ आणि ‘च’ दोन्ही पुरेसे दूर.

पायरी ११ : फोनवर करायचं असेल तर

बऱ्याच मुलांकडे लॅपटॉप नसतो, अँड्रॉइड फोन असतो. त्यावर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घालून क्लँग हा कंपायलर मिळतो आणि त्यात असेंब्लीही चालते. प्रोसेसर एआरएमचा, व्हेक्टर इन्स्ट्रक्शन निऑन नावाच्या, रुंदी तीच १६ बाइट. खुणा, हद्द, चाचणी सगळं वरच्यासारखंच. ताडण्यासाठी सीएमईक्यू आहे. अडचण एकच: पीमूव्हएमएसकेबीसारखी थेट मास्क देणारी इन्स्ट्रक्शन तिथे नाही. त्याऐवजी उत्तराच्या रजिस्टरातल्या १६-१६ बिटांच्या खणांवर एसएचआरएन चालवून चार बिटांनी उजवीकडे सरकवा. सोळा बाइटांचा ६४ बिटांत मावणारा मास्क मिळतो, प्रत्येक बाइटला चार बिट. तो एफमूव्हने साध्या रजिस्टरात आणा, आरबिटने उलटा, सीएलझेडने पुढची शून्यं मोजा आणि आलेल्या संख्येला चारने भागा. पुढच्या उमेदवारासाठी एकाऐवजी चारही बिट विझवावे लागतात, एवढं लक्षात ठेवून तपासाचा लूप बदला.